फ्रेमवेड्यांची थोरवी

हौसेने गेम विकत घ्यावा, रात्रभर डाउनलोड होऊ द्यावा आणि दुसऱ्या दिवशी तो सुरू झाल्यावर त्यातल्या राक्षसाकडे, तलवारीकडे, डोंगराकडे ढुंकूनही न बघता पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या आकड्यावर नजर लावून बसावं, याला आपल्याकडे मूर्खपणा म्हणतात. तो आकडा असतो एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर उमटतात त्याचा. आकडा 60 दिसला की हा माणूस मान डोलावतो. 47 वर आला की गेम थांबवतो, सावल्यांचा दर्जा 'हाय'वरून 'मीडियम'वर आणतो, पुन्हा त्याच डोंगरावर त्याच दिशेला तोंड करून उभा राहतो. राक्षस येतो आणि त्याला मारतो. त्याची काही तक्रार नसते, कारण तेवढ्या वेळात त्याचा आकडा वाचून झालेला असतो. घरचे विचारतात, "अरे, खेळतोयस कधी?" मला या माणसाची मनापासून स्तुती करायची आहे. त्याचं वेड हे आजच्या काळातलं एक मोलाचं वेड आहे, असं माझं ठाम मत आहे.

तो काय करतो ते आधी नीट बघू. आकडा कमी दिसला म्हणून तो लगेच कार्ड बदलायला धावत नाही. तो आधी आकड्याची चाल बघतो. आकडा एका जागी खिळलेला आहे, की सारखा हलतोय? अख्ख्या शोधाची दिशा या एका प्रश्नावर ठरते. 30 किंवा 60 वर खिळा ठोकल्यासारखा बसलेला आकडा यंत्राच्या थकव्याचा नसतो. तो कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. गेमने, ड्रायव्हरने, मॉनिटरने, बॅटरीने, कुणीतरी कुठेतरी मर्यादा घातलेली असते. उलट 38, 51, 44, 29 असा धडपडत जाणारा आकडा म्हणजे यंत्र खरोखरच दमलं आहे. या दोन्ही दुखण्यांना वेगळे उपाय आहेत आणि पहिल्या दुखण्याला बहुतेक वेळा एक पैसा लागत नाही.

व्हर्टिकल सिंक, म्हणजे व्हीसिंक, हा या निर्णयांतला सगळ्यात गैरसमज झालेला निर्णय. साधा मॉनिटर सेकंदाला 60 वेळा, म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदांनी पडदा नव्याने रंगवतो. पडदा अर्धा रंगवून झालेला असताना मधेच नवं चित्र आलं तर वरचा भाग एका क्षणाचा आणि खालचा दुसऱ्या क्षणाचा, असं फाटलेलं दृश्य दिसतं. ते टाळायला व्हीसिंक कार्डाला सांगतं, पडद्याची पाळी येईपर्यंत थांब. आता कार्डाला एक चित्र काढायला 18 मिलिसेकंद लागले असं धरा. पाळी हुकली. मग पुढच्या पाळीपर्यंत, म्हणजे 33.3 मिलिसेकंदांपर्यंत थांबायचं. चित्रं साठवायला दोनच जागा असतील तर 55 ची ताकद असलेलं यंत्र थेट 30 दाखवतं. ज्याला हे ठाऊक नाही तो दुकानात जाऊन नव्या कार्डाची चौकशी करतो. फ्रेमवेडा व्हीसिंक बंद करून बघतो, 55 दिसतात, आणि त्याला कळतं की कार्ड निर्दोष आहे.

पैसेवाल्याला या वेडाची गरज नाही, असं कुणी म्हणेल. मी उलटं पाहिलं आहे. 144 हर्ट्झचा मॉनिटर आणून महिनोन्महिने 60 वर चालवणारे लोक भरपूर आहेत, कारण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आत कुठेतरी रिफ्रेश रेट निवडायचा असतो आणि तो निवडायला त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कुणी ग्राफिक्स कार्डासाठी पगार खर्चतो आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या खोबणीत लावतो. महागडं कार्ड आत नुसतं बसून राहतं आणि काम होतं प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सवर. कुणी 4के टीव्हीला लॅपटॉप जोडतो, पण पोर्ट जुना एचडीएमआय 1.4 असतो, त्यामुळे 4के मध्ये 30 च्या वर काही जात नाही. रॅमचंही तसंच. डीडीआर4 ची 3200 लिहिलेली पट्टी बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करेपर्यंत बहुतेकदा 2133 किंवा 2400 अशा वेगाने चालत राहते. कार्ड न घेता प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळणारी कॉलेजची मुलं तर रॅमच्या वेगावरच जगतात, कारण त्यांच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नसते. त्यांनी 16 जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा 8 च्या दोन घेतल्या आणि चार खोबण्यांच्या मदरबोर्डवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या-चौथ्या खोबणीत लावल्या, तर डेटाच्या दोन वाटा एकदम उघडतात. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत हे कोण समजावून सांगणार? ते वेड्यालाच माहीत असतं, आणि तो वसतिगृहाच्या अख्ख्या मजल्याला ते फुकट सांगत सुटतो.

अकोल्याला माझ्या मावसबहिणीचा मुलगा इंजिनियरिंग करतो. मे महिन्यात तिचा फोन आला. "दादा, याला काहीतरी सांग रे. गेम खेळतही नाही, अभ्यासही करत नाही, नुसता थर्मामीटर घेतल्यासारखा त्या लॅपटॉपसमोर बसतो." मी गेलो तेव्हा त्याने माझ्यापुढे वही ठेवली. दुपारी दोन, खोली 41 अंश, प्रोसेसर 97, फ्रेम 34. रात्री अकरा, खोली 33, प्रोसेसर 90, फ्रेम 49. पानामागून पानं अशीच भरलेली. "मामा, डिसेंबरमध्ये साठ यायचे," तो म्हणाला. "गेम तोच, सेटिंग तेच. बदललंय ते फक्त हवामान."

त्याचं निदान बरोबर होतं. चिप तिच्या सोसण्याच्या कडेला, साधारण 95 ते 100 अंशांवर पोचली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. पंखा तर खोलीतलीच हवा आत घेणार. तेवढ्याच कामाला खोली वीस अंशांनी तापली की चिपही तेवढीच वर सरकते. पुण्यातल्या डिसेंबरात जो लॅपटॉप सुखाने चालतो तोच अकोल्याच्या मेमध्ये धापा टाकतो, आणि खोक्यावर छापलेल्या आकड्यांत हा उन्हाळा कुठेच नसतो. पोराने मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बारीक स्क्रूड्रायव्हर आणला, बॅटरीची जोडणी आधी सोडवली आणि पंखा उचलला. पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा एक सलग थर बसला होता, फाटक्या गोधडीतून निघालेल्या कापसासारखा. बोटाने धरला तर अखंड निघाला. पंखा पूर्ण जोराने फिरत होता आणि हवा मात्र बाहेर जातच नव्हती. थर्मल पेस्ट वाळून खपली झाली होती. ती पुसून नवी लावली. त्याची आई दारात उभी राहून सगळं बघत होती, आणि एवढी धूळ घरात येते कुठून, या प्रश्नाकडे तिचा राग वळला.

पण मला त्याचं खरं कौतुक वाटलं ते पुढच्या पायरीला. या लॅपटॉपात प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप यांची उष्णता तांब्याच्या त्याच नळ्यांतून बाहेर जाते. प्रोसेसर टर्बोत जाऊन उगाच वेग वाढवतो, गेमला त्या वेगाची गरज नसते, पण त्याची उष्णता मात्र ग्राफिक्सच्या वाट्याची जागा खाते. पोराने विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 टक्क्यांवरून 99 वर आणली. एवढ्याने टर्बो बंद होतो. प्रोसेसरचा कमाल वेग उतरला आणि फ्रेम वाढल्या. यंत्राला कमी दिलं की ते जास्त देतं, ही गोष्ट त्याने कुणाचं ऐकून मान्य केली नव्हती. एका वेळी एकच बदल करून आणि दर वेळी आकडा लिहून तो तिथवर आला होता. प्रयोगशाळेत हेच शिकवायला आपण वर्षानुवर्षं झटतो आणि मुलं जर्नल उतरवून काढतात. इथे कुणी सांगितलेलं नसताना पोरगा खरं जर्नल लिहीत होता. अभ्यास सोडून तो हे करतो, या तक्रारीवर मी बहिणीला एवढंच म्हणालो की हाच अभ्यास आहे, आणि तसं मला आजही वाटतं.

कोपऱ्यातला आकडा सगळं सांगत नाही, हेसुद्धा याच जातीच्या माणसांनी जगाला दाखवलं. धरा, एका सेकंदात 48 चित्रं नीट 16.7 मिलिसेकंदांनी आली आणि एकच चित्र 200 मिलिसेकंद अडलं. मोजणारा म्हणेल 49 एफपीएस, ठीक आहे की. खेळणाऱ्याला मात्र सेकंदाचा पाचवा हिस्सा पडदा गोठलेला दिसला आणि तेवढ्यात त्याला गोळी लागली. 2011 मध्ये 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसनने सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मांडायला सुरुवात केली. तोवर कार्डांच्या परीक्षणांत सेकंदाची सरासरी देऊन लोक मोकळे होत. त्यानंतर सगळ्यात वाईट एक टक्का चित्रांचा आकडाही सरासरीशेजारी छापायची पद्धत पडली. एका सेकंदाच्या पोटात शिरून हजारो चित्रांचे वेळ तपासणं हा वेडेपणाच, आणि त्याच वेडेपणामुळे अडखळणं ही तक्रार खरी ठरली. आधी ती तक्रार करणाऱ्याला 'तुला तसं वाटतंय' असं सांगून वाटेला लावत.

काही गेममध्ये तर मर्यादा गेमनेच घातलेली असते. कारण असं, की कित्येक गेममध्ये काळ घड्याळावर चालत नाही, फ्रेमवर चालतो. ही परंपरा जुनी आहे. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी होत गेले की उरलेले वेगाने येतात, ते तोमोहिरो निशिकादोच्या यंत्राला कमी आकृत्या काढायच्या उरल्या म्हणून. पुढे पीसी आले तेव्हा 4.77 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर बेतलेले गेम नव्या यंत्रांवर इतके धावायला लागले की खोक्यावर यंत्राचा वेग खाली आणायचं बटण बसवावं लागलं, ज्याचं नाव होतं 'टर्बो'. 2013 चा 'नीड फॉर स्पीड रायव्हल्स' 30 वर बांधलेला होता. बांध काढून 60 केले की गाड्यांसह अख्खं जग दुप्पट वेगाने पळायचं. 'स्कायरिम'च्या सुरुवातीला कैद्यांना घेऊन जाणारी बैलगाडीसारखी गाडी आहे. फ्रेम 60 च्या बरीच वर गेली की ती रस्ता सोडून हवेत उसळ्या मारायला लागते, कारण तिथलं पदार्थविज्ञान फ्रेमला बांधलेलं आहे.

'क्वेक थ्री अरेना'च्या खेळाडूंनी याचा किती खुबीने उपयोग केला! त्या गेममध्ये प्रत्येक फ्रेमला खेळाडूचा वेग पूर्णांकात बसवला जातो. त्या राउंडिंगमुळे काही ठरावीक फ्रेमदरांवर उडी थोडी उंच जाते. 125 हा त्यातला लाडका आकडा, बरोबर 8 मिलिसेकंदांची एक फ्रेम. जगभरचे खेळाडू मर्यादा 125 वर ठेवून खेळत, आणि ज्यांच्या यंत्राला तेवढे झेपत नसत त्यांना काही उड्या जमतच नसत. शेजाऱ्याला हे सांगितलं तर तो हसेल. पण एका पूर्णांकाच्या गोळाबेरजेतून उडीची उंची शोधून काढणं, यापेक्षा बारीक निरीक्षण मी क्वचित पाहिलं आहे.

2011 चा 'डार्क सोल्स' हे या वेडाचं सर्वांत उजळ पान. चाहत्यांनी मागणी लावून धरल्यावर तो 2012 मध्ये पीसीवर आला खरा, पण आतलं चित्र 1024 गुणिले 720 वर अडकवलेलं आणि फ्रेम 30 वर. मोठ्या पडद्यावर सगळं धुरकट. 'दुरांते' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीटर थोमानने प्रदर्शनानंतर काही तासांतच 'डीएसफिक्स' काढलं आणि चित्र हव्या त्या आकारात आलं. पुढच्या आवृत्त्यांत फ्रेमची मर्यादाही उठली. मग कळलं की 60 वर उडी आखूड पडते आणि शिडीवरून घसरत उतरताना माणूस जमिनीतून आरपार खाली जाऊ शकतो. लोकांनी तेही शोधलं, लिहून ठेवलं, आणि अवघड उडीपुरती मर्यादा पुन्हा लावायची सोय वापरली. 2014 मध्ये आलेल्या 'डार्क सोल्स'च्या दुसऱ्या भागात 60 फ्रेमवर तलवारी दुप्पट वेगाने झिजतात हेही खेळाडूंनीच दाखवून दिलं. दुरुस्ती यायला वर्ष लागलं. 2015 च्या जूनमध्ये 'बॅटमॅन: अर्खम नाइट' पीसीवर 30 फ्रेमच्या बंधनासह आला आणि इतका अडखळत होता की कंपनीला काही दिवसांत विक्री थांबवावी लागली, ती थेट ऑक्टोबरपर्यंत. मधल्या काळात फाइल उघडून ते 30 खोडणारे होतेच.

या घराण्यातला आणखी एक भाऊबंद आहे, जरी त्याचा गेम फ्रेमवर नाही, उघडण्यावर अडत होता. 'जीटीए ऑनलाइन' वर्षानुवर्षं मिनिटंच्या मिनिटं उघडत राहायचा आणि कोट्यवधी लोक ती मिनिटं चहा पिण्यात घालवत. 2021 मध्ये टोपणनावाने लिहिणाऱ्या एका प्रोग्रामरने बघितलं की त्या वेळात प्रोसेसरचा एकच गाभा राबतोय आणि बाकी सगळं निवांत आहे. आत शिरल्यावर सापडली 10 एमबीची एक यादी, दुकानातल्या साधारण 63 हजार वस्तूंची. गेम ती वाचताना प्रत्येक नोंदीला उरलेल्या मजकुराची लांबी पहिल्यापासून मोजत होता, आणि वर प्रत्येक वस्तू आधी आली आहे का हे बघायला मागची सगळी यादी चाळत होता. त्याने दोन्ही कामं सुधारली आणि प्रतीक्षा सुमारे 70 टक्क्यांनी घटली. गेमची कंपनी रॉकस्टारने ते मान्य केलं, सगळ्यांसाठी अपडेट आणलं आणि त्याला 10 हजार डॉलर दिले. पैसे मिळाले ते छानच. पण ते मिळणार आहेत म्हणून तो आत शिरला नव्हता.

एक फरक मात्र स्पष्ट करायला हवा, कारण या वेडाच्या नावावर भलताच धंदा चालतो. फोनमध्ये 'रॅम क्लीनर', 'गेम बूस्टर' टाकले की फ्रेम वाढतात, अशा जाहिराती बीजीएमआयसारखे गेम खेळणाऱ्या मुलांना गाठतात. पार्श्वभूमीत बसून जाहिराती दाखवणारं आणखी एक ॲप यंत्रावर ओझं घालतं, ते हलकं कुठून करणार? गेमच्या फाइलींशी खेळून फोनला न दिलेले 90 फ्रेम उघडू म्हणणाऱ्या ॲपमुळे तर खातंच बंद होण्याचा धोका असतो. याला मी वेड म्हणत नाही, ही फसवणूक आहे, आणि मुलांची अशी फसवणूक बघून संताप येतो. खरा फ्रेमवेडा फोनचं जाड कव्हर काढतो, चार्जिंगला लावून खेळत नाही, कारण चार्जिंगचीही उष्णता होते, बॅटरी सेव्हर बंद आहे का ते बघतो, आणि प्रत्येक पायरीनंतर मोजतो. जो मोजतो त्याला कुणी बूस्टर विकू शकत नाही.

त्याच्या मोजण्यात एक सुंदर युक्ती आहे. गेमचं रिझोल्यूशन निम्मं करायचं. फ्रेम भरभर वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची होती. फ्रेम होत्या तिथेच राहिल्या तर प्रोसेसर अडतोय, आणि मग पाण्याचा, चित्राचा दर्जा कितीही कमी केला तरी फारसा उपयोग नाही. गर्दी, लांबचं दृश्य, पात्रांची संख्या हे कमी करायला हवं. दोन मिनिटांच्या या चाचणीने हजारोंची चुकीची खरेदी टळते.

अकोल्याच्या पोराची गोष्ट पुढे सांगतो. धूळ, पेस्ट, 99 टक्के, लॅपटॉपची मागची बाजू उचलायला लाकडाचे दोन ठोकळे, एवढं सगळं झाल्यावर दुपारी आकडा 50 ते 60 मध्ये हिंडायला लागला. मला वाटलं झालं काम. तो समाधानी नव्हता. "मामा, हलतंय ना अजून," म्हणाला. त्याच्या लॅपटॉपचा पडदा 144 हर्ट्झचा. 144 ला 55 ने काही भाग जात नाही, त्यामुळे एक चित्र पडद्यावर दोन पाळ्या राहतं, दुसरं तीन, आणि कॅमेरा फिरवला की डोळ्याला ते खुपतं. त्याने ड्रायव्हरमध्ये जाऊन स्वतःच मर्यादा घातली, 48. प्रत्येक चित्र बरोबर तीन पाळ्या. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावर लोक याच हिशोबाने पडदा 40 हर्ट्झवर आणून 40 फ्रेमवर खेळतात. 30 ला 33.3 मिलिसेकंद लागतात, 60 ला 16.7, आणि 40 चे 25 नेमके त्या दोहोंच्या मध्यावर पडतात. आकड्यात 40 हा 30 ला चिकटून दिसतो, पण वेळात तो अर्धी वाट चाललेला असतो. 48 वर बांधल्यावर प्रोसेसर 97 चा 84 वर आला, पंख्याचा आवाज उतरला. पोराने वहीत ओळ लिहिली, कोपऱ्यातला आकडा बंद केला आणि राक्षसाला मारायला गेला.